लाजाळू वेगळा, बुजरा वेगळा

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की स्लोव्हाक भाषेत माणसाच्या स्वभावाविषयी किंवा वागण्याविषयी बोलायचं असेल, तर मध्ये इंग्रजी आणू नका, मराठीतून थेट तिकडे जा. त्यावर बरीच पत्रं आली. काही स्लोव्हाकियात संसार थाटलेल्यांची, काही नुकती भाषा शिकायला लागलेल्यांची, आणि दोघांची नाराजीची. ब्रातिस्लाव्हात दुभाषी म्हणून काम करत मला सतरा वर्षं झाली. शाळा, दवाखाने, कारखान्यांतल्या बैठका अशा ठिकाणी माझा दिवस जातो आणि तिथे बोलणं बहुतेक वेळा माणसांच्या वागण्याविषयीच असतं. म्हणून या पत्रांना सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. स्लोव्हाक शब्द देवनागरीत लिहिले आहेत. उच्चारांचं शेवटी सांगते.

प्रश्न : माझा मुलगा नित्रा शहरात चौथीत शिकतो. सहामाही प्रगतिपुस्तकात ‘स्प्रावान्ये’ या शब्दापुढे २ आला आहे. फोनवर भाषांतर करून पाहिलं तर ‘बिहेव्हिअर, सॅटिस्फॅक्टरी’ असं येतं. मग बाईंनी मला भेटायला का बोलावलं? त्या म्हणाल्या, मुलगा ‘स्लुश्नी’ आहे पण ‘न्येपोस्लूखा’. हे दोन्ही एकाच वेळी कसं असेल?

स्प्रावान्ये म्हणजे वर्तणूक. आपल्या प्रगतिपुस्तकात ज्या अर्थाने हा शब्द छापलेला असतो, अगदी त्याच अर्थाने. फोनने शब्द बरोबर दिला, पण त्या आकड्याचं वजन सांगितलं नाही. स्लोव्हाकियात विषयांना १ ते ५ गुण असतात, १ सगळ्यात चांगला, आणि गणितात २ आला तर घरी आनंदच होतो. वर्तणुकीच्या मात्र चारच पायऱ्या आहेत. १ म्हणजे ‘वेल्मि दोब्रे’, फार चांगली. २ म्हणजे ‘उस्पोकोयिवे’, समाधानकारक. ३ म्हणजे कमी समाधानकारक आणि ४ म्हणजे असमाधानकारक. बहुतेक सगळ्या मुलांना १ असतो. म्हणून ‘समाधानकारक’ हा शब्द दिसायला सौम्य असला, तरी शिक्षकांच्या खोलीत त्याला घसरलेली वर्तणूकच म्हणतात. न कळवता बुडवलेले तास किंवा शाळेचा नियम पुन्हा पुन्हा मोडणं, असं काहीतरी त्यामागे असतं. बाईंना नक्की भेटा आणि ‘नेमकं काय घडलं’ हेच विचारा. सहामाही प्रगतिपुस्तक जानेवारीअखेर मिळतं आणि वर्षाचं जूनअखेर. मधले पाच महिने हातात आहेत.

आता बाईंचं वाक्य. स्लुश्नी म्हणजे सभ्य, नीट बोलणारा, शिवी न देणारा, दार उघडून धरणारा. न्येपोस्लूखा म्हणजे ऐकत नाही. आपण ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असं आपल्याला म्हणायचं नसतं. स्लोव्हाकमध्येही ऐकण्याच्या क्रियापदातूनच आज्ञा पाळण्याचं क्रियापद निघालं आहे. त्यावरून पोस्लुश्नी, म्हणजे सांगितलेलं ऐकणारा. स्लुश्नी आणि पोस्लुश्नी हे दोन शब्द दिसायला इतके सारखे आहेत, की नवखा माणूस त्यांना एकच समजतो. तुमचा मुलगा गोड बोलतो, आणि गोड बोलूनच स्वतःला हवं ते करतो, असं बाई सांगत होत्या. हे समजलं की भेटीत काय बोलायचं ते तुम्हाला आपोआप सुचेल.

जाता जाता एक सावधगिरी. काही मराठी घरांत चेक शब्दकोश वापरला जातो, कारण तो सहज मिळतो. १ जानेवारी १९९३ पर्यंत चेक आणि स्लोव्हाक लोक एका देशात होते आणि आजही एकमेकांची भाषा सहज समजतात, पण हा शब्द तिथे फसवतो. चेकमध्ये वर्तणुकीला जो शब्द आहे, त्याचंच स्लोव्हाक रूप ‘खोवान्ये’, आणि प्रमाण स्लोव्हाकमध्ये खोवान्ये म्हणजे जनावरं पाळणं. बाईंसमोर तो वापरू नका.

प्रश्न : त्रनावाच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. साहेब माझ्याबद्दल म्हणाले, ‘सिम्पातित्स्की’ माणूस. मी तर कुणाला सहानुभूती वगैरे दाखवली नव्हती. यावर काय उत्तर द्यायचं?

‘द्याकुयेम’, म्हणजे धन्यवाद. सिम्पातित्स्की म्हणजे बघताक्षणी आवडणारा, ज्याच्याशी बोलावंसं वाटतं असा. इंग्रजी ‘सिम्पथेटिक’शी त्याचा चेहरा जुळतो, अर्थ जुळत नाही. दुसऱ्याचं दुःख समजून घेणाऱ्याला ते ‘सूत्सित्नी’ म्हणतात. सू म्हणजे सह आणि त्सित म्हणजे भावना. आपल्या सहानुभूतीची बांधणी हीच आहे.

चेहरा जुळणारे असे आणखी शब्द आहेत. इंग्रजी ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस, पण स्लोव्हाक ‘सेन्झिबिल्नी’ म्हणजे हळवा. समंजसाला त्यांच्याकडे ‘रोझुम्नी’ म्हणतात. रोझुम म्हणजे बुद्धी, समज.

मात्र ज्या शब्दाने मला खरा धडा शिकवला, तो ‘नेर्वोझ्नि’. मी या कामात नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका कारखान्यातल्या बैठकीत पाळीच्या प्रमुखाने आपल्याकडच्या एका तरुण कामगाराबद्दल सांगितलं, की हा गेले काही आठवडे नेर्वोझ्नि असतो. मी भाषांतरात सरळ ‘नर्व्हस’ म्हणाले. कामगाराला वाटलं, हे मला घाबरट म्हणतायत. तो मन लावून सांगू लागला, की मी अजिबात घाबरत नाही, मशीन मला आता पूर्ण येतं, एकट्याला पाळी द्या. प्रमुखाच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याला म्हणायचं होतं, की हा सोबत्यांवर खेकसतो, साधं काही विचारलं तरी चिडतो. स्लोव्हाकमध्ये नेर्वोझ्नि माणूस भ्यायलेला असू शकतो, पण रोजच्या बोलण्यात तो बरेचदा चिडचिडा झालेला, टेकीला आलेला असतो. मी बैठक थांबवली, चूक माझी आहे असं दोघांना सांगितलं आणि ‘चिडचिड’ हा शब्द वापरून सगळं पुन्हा मांडलं. तो मुलगा मान खाली घालून म्हणाला, ‘ताई, झोप होत नाही हो.’ तिथून पुढे खरं बोलणं सुरू झालं. माझ्या डोक्यात आधी मराठी शब्द आला असता तर मी अडखळले असते, आणि ‘म्हणजे नक्की कसा वागतो?’ असं प्रमुखाला विचारलं असतं. इंग्रजी शब्द हाताशी तयार होता म्हणून मी विचारलंच नाही.

प्रश्न : भाषांतराचा अभ्यास करते. इंग्रजी ‘शाय’साठी शब्दकोशात दोन शब्द मिळाले, ‘हान्ब्लिवी’ आणि ‘प्लाखी’. कोणता कुठे वापरायचा? इंग्रजी कोशात फरक सापडत नाही.

इंग्रजी कोशात सापडणार नाही, मराठीत तो आधीच तुमच्या तोंडी आहे. हान्बा म्हणजे लाज. हान्ब्लिवी म्हणजे लाजाळू. प्लाखी म्हणजे बुजरा. आपल्याकडे घोडा बुजतो, तसं त्यांच्याकडे रानातलं हरीण प्लाखी असतं आणि माणसाची चाहूल लागताच पळतं. लाजाळू माणसाला चारचौघांचं भान असतं, ते आपल्याकडे बघतायत हे त्याला कळत असतं. बुजऱ्याला फक्त निसटायचं असतं. पाहुण्यांसमोर आईच्या पदराआड लपून पुन्हा डोकावणारी मुलगी हान्ब्लिवा. पाहुणे आले की मागच्या दाराने गायब होणारा मुलगा प्लाखी.

आणखी बघा. ‘हान्बि सा!’ म्हणजे ‘लाज वाटू दे!’ आणि ‘न्येहान्बि सा’ म्हणजे ‘लाजू नकोस, ये’. क्रियापद एकच. इंग्रजीत या दोन वाक्यांना दोन वेगळे शब्द लागतात, कारण तिथे बुजणं एक आणि शरम दुसरी. आपल्याकडे लाज ही दोन्हीकडे पुरते. आजी ‘लाज नाही वाटत?’ असंही विचारते आणि ‘लाजतोयस काय, घे की लाडू’ असंही म्हणते. एखाद्या गोष्टीत स्लोव्हाक आई मुलाला हान्बा या शब्दाने काही बोलली, तर ती रागावली आहे की लाड करते आहे, हे तिच्या आवाजावरून आणि प्रसंगावरून ठरवायचं. मराठीत आणताना ‘लाज’ कायम ठेवा, काम होतं.

व्याकरणातही सोय आहे. स्लोव्हाकमध्ये तीन लिंगं आणि विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं. शहाणा, शहाणी, शहाणं, तसं मूद्रि, मूद्रा, मूद्रे. मूल तिकडेही नपुंसकलिंगी आहे. आपण ‘ते पोर’ म्हणतो ना, तसंच.

प्रश्न : सरावासाठी एक इंग्रजी गोष्ट स्लोव्हाकमध्ये उतरवतो आहे. त्यात थोरली बहीण नव्या बाळावर ‘जेलस’ आहे आणि शेजारी घरावर ‘जेलस’ आहे. दोन्हीकडे ‘झ्यार्लिवी’ चालेल?

बहिणीला चालेल. शेजाऱ्याला ‘झाविस्त्लिवी’ करा. आपल्या वाट्याची माया दुसऱ्याकडे जाईल या भीतीने जो पोळतो, तो झ्यार्लिवी. नवराबायकोतला संशय यातच येतो आणि बाळ जन्मल्यावर थोरलीचं आईला बिलगणंही. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही, ही टोचणी म्हणजे झाविस्त्य. बोलताना स्लोव्हाक माणसंही कधी कधी एकाच्या जागी दुसरा शब्द टाकतात, तरी लिहिताना फरक पाळा.

हेवा करणं या अर्थाचं त्यांचं क्रियापद ‘झाविद्येत्य’, आणि त्याच्या पोटात ‘विद्येत्य’ आहे, म्हणजे पाहणं. लॅटिनमध्येही असंच आहे आणि इंग्रजी ‘एन्व्ही’ तिथूनच आला, पण इंग्रजी बोलणाऱ्याला आज त्यातलं पाहणं दिसत नाही. आपल्याला दिसतं, कारण शेजाऱ्याचं घर आपल्याकडे डोळ्यात खुपतं. ‘झाविस्त्य’ नेहमी वाईटच असते असंही नाही. मैत्रिणीला चांगली नोकरी लागली की ‘चांगल्या मनाने हेवा करते तुझा’ असं स्लोव्हाक बाई अगदी उघड म्हणते.

प्रश्न : माझं लग्न लिप्तोव भागातल्या कुटुंबात झालं आहे. नवऱ्याशी इंग्रजीत बोलते, त्यामुळे ‘यू’ने भागतं. सासूबाईंना ‘ति’ म्हणू की ‘वि’? आणि त्या मला सारख्या ‘शिकोव्ना’ म्हणतात, ते चांगलं की वाईट?

ति म्हणजे तू, वि म्हणजे तुम्ही. तू म्हणण्याला तिकान्ये आणि तुम्ही म्हणण्याला विकान्ये असे शब्दच आहेत. इंग्रजीची सवय झालेल्याला हे कठीण जातं, मराठी माणसाला जाऊ नये. सुरुवात ‘वि’ने करा. तूवर यायचं की नाही हे थोरल्याने ठरवायचं असतं, धाकट्याने मागायचं नसतं. दोघं बरोबरीची असतील तर बाईने सुचवावं, कामाच्या जागी वरच्याने. सासूबाई एखाद्या दिवशी आपणहून सुचवतील, हात पुढे करतील आणि स्वतःचं नाव सांगतील. त्यानंतर पुन्हा ‘वि’ म्हणालात तर त्यांना परकेपणा वाटेल. काही घरांत सून कायम ‘वि’च म्हणते, त्यातही प्रेम कमी नसतं.

‘तुम्ही’ म्हणताना क्रियापद अनेकवचनी ठेवा. ‘तुम्ही होतात’ तसं ‘बोलि स्त्ये’, समोर एकच माणूस असला तरी. चेकमध्ये अशा ठिकाणी भूतकाळाचं रूप एकवचनी राहतं, स्लोव्हाकमध्ये आपल्यासारखं अनेकवचनी होतं. विशेषण मात्र एकवचनातच राहतं, तेवढं लक्षात ठेवा.

खेड्यातल्या थोरल्या माणसांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट कानावर पडेल. समोर नसलेल्या वडिलांविषयी ती म्हणतात, ‘ओत्येत्स प्रिश्लि’. शब्दशः ‘वडील आले’, अनेकवचनात. शहरात हे आता क्वचित ऐकू येतं आणि नवी पिढी साधं एकवचन वापरते. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाईंच्या तोंडून मी हे ऐकलं तेव्हा हातातलं पेन खाली ठेवलं. ऐंशीच्या पुढच्या त्या बाई, दवाखान्याच्या खुर्चीत बसून, कधीच्या गेलेल्या आपल्या आईविषयी ‘आई म्हणाल्या’ असं बोलत होत्या. ‘पोवेदालि’ आणि ‘म्हणाल्या’. दोन्हीकडचा तो ल कानाला फार गोड लागला. या वाक्याचं इंग्रजी करायला बसलं की आदर गळून पडतो आणि फक्त आई उरते.

आता शिकोव्ना. हे कौतुक आहे आणि मनापासूनचं आहे. इंग्रजीत कुणी ‘स्किलफुल’ देतं, कुणी ‘क्लेव्हर’, दोन्ही अपुरे. हाताला काम येतं, डोकं चालतं आणि सांगावं लागत नाही, हे सगळं मिळून शिकोव्नी किंवा शिकोव्ना. लहान मुलाने पहिल्यांदा बुटाची नाडी बांधली तरी त्याला हेच म्हणतात. मराठीत मी ‘गुणाची’ म्हणेन. ‘गुणाची गं माझी!’ सासूबाई तेच म्हणतायत.

प्रश्न : इतकं फिरवून सांगण्यापेक्षा स्वभाव आणि वागणुकीचे शंभर इंग्रजी शब्द आणि समोर त्यांचे स्लोव्हाक प्रतिशब्द, अशी यादी का देत नाही? पाठ करून टाकू.

तुमची अडचण समजते. परीक्षा जवळ आली की यादीच हवी असते. पण पाठ केलेली यादी बोलताना कशी दगा देते, ते वर नेर्वोझ्निच्या प्रसंगात आलंच आहे. यादीऐवजी तीन शब्द उलगडून देते, ते तुम्ही विसरणार नाही.

‘रिस्पॉन्सिबिलिटी’ला स्लोव्हाक शब्द ‘झोद्पोवेद्नोस्त्य’. लांबलचक दिसतो, पण त्यात ‘ओद्पोवेद्य’ आहे, म्हणजे उत्तर. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधलं उत्तर देणंच आहे. आणि आपली जबाबदारी तर जबाबातूनच आली. युरोपातल्या दोन भाषा आणि फारसीतून शब्द घेतलेली मराठी, तिघींना वाटलं की ज्याला विचारलं जाईल आणि ज्याने उत्तर द्यायचं, त्याच्यावर ते काम असतं.

‘ॲम्बिशन’ला ‘त्स्तिझ्यादोस्त्य’. पहिला भाग मान या अर्थाच्या शब्दाचा, दुसरा झ्यादोस्त्य, म्हणजे इच्छा, मागणी. कचेरीत जो अर्ज भरता त्यालाही झ्यादोस्त्यच म्हणतात. महत्त्व अधिक आकांक्षा, तसाच हा जोड. लॅटिनमधून आलेला ‘आम्बीत्सिया’ हा शब्दही आज सर्रास चालतो.

‘पेशन्स’ला ‘तृपेझ्लिवोस्त्य’. ‘तृप्येत्य’ म्हणजे सोसणं, दुखणं भोगणं. डॉक्टर रोग्याविषयी बोलताना हेच क्रियापद वापरतात. सोसण्यावरून आपला सोशिक, तसा त्यांचा तृपेझ्लिवी. पण इथे थोडं थांबा. कचेरीच्या खिडकीतून कुणी ‘तृपेझ्लिवी राहा’ म्हणालं, तर तुम्ही सोशिक व्हावं असं त्याला म्हणायचं नसतं, फक्त जरा धीर धरा. सोशिक हा शब्द आपल्याकडे बायकांच्या वाट्याला फार आला आणि त्याला दुःखाचा वास आहे. स्लोव्हाक शब्दाला तो रोजच्या वापरात राहिलेला नाही. त्यांच्याकडे म्हण आहे, ‘धीर गुलाब आणतो’.

यादीशिवाय जमणारच नसेल, तर ब्रातिस्लाव्हातल्या ल्युदोवीत श्तूर भाषाविज्ञान संस्थेचे स्लोव्हाक कोश इंटरनेटवर मोफत उघडता येतात. शब्द कोणत्या वाक्यात वापरतात ते तिथे दिसतं. संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या श्तूर यांनी १८४३ मध्ये सोबत्यांसह मध्य स्लोव्हाकियाच्या बोली पायाला घेऊन प्रमाणभाषा ठरवली. आजची भाषा त्याच घडणीतून आली आहे.

प्रश्न : ‘बुलिंग’, ‘असर्टिव्ह’, ‘एम्पथी’ या नव्या शब्दांचं काय करायचं?

फार काही नाही. शिकाना, आसेर्तीव्नि, एम्पातिया. शाळेत मुलाला कुणी छळत असेल तर ‘शिकाना’ हा शब्द स्पष्ट वापरा. ‘चेष्टा’ या अर्थाचा मवाळ शब्द वापरलात तर तक्रारीचं गांभीर्य जातं.

प्रश्न : हे सगळे शब्द देवनागरीत वाचून उच्चार खरंच बरोबर येईल का?

पुष्कळसा येईल. स्लोव्हाक वर्णमालेत ४६ अक्षरं आहेत आणि ती बघून घाबरायला होतं, पण आपली जीभ तयार आहे. आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर द्या. चहातला च आणि चमचातला च हे दोन्ही त्यांच्याकडे आहेत आणि दोघांना स्वतंत्र अक्षरं आहेत. मी दुसरा ‘त्स’ असा लिहिला, म्हणजे गोंधळ नको. ‘तृ’ मी मुद्दाम तसा लिहिला आहे. तिथे स्वर नाही, र हाच स्वराचं काम करतो. हट्टी माणसाला ते ‘त्वृदोह्लावी’ म्हणतात, म्हणजे कडक डोक्याचा, त्यातही तोच ऋ. शब्दाच्या शेवटी ‘त्य’ दिसेल तिथे त मऊ करा, य पूर्ण उच्चारू नका. एक आवाज मात्र देवनागरीत नाही. झ्यार्लिवीतला झ हा झाविस्त्यमधल्या झपेक्षा वेगळा, टेलिव्हिजनमधल्या ज सारखा घासत काढायचा.

ऱ्हस्वदीर्घ त्यांना आपल्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि त्याचा एक सुंदर नियम आहे. दोन दीर्घ अक्षरं सहसा लागोपाठ येऊ देत नाहीत. उदार माणूस ‘श्तेद्री’, शेवटी दीर्घ ई. नाताळच्या आदल्या संध्याकाळला, २४ डिसेंबरला, ते ‘श्तेद्री वेचेर’ म्हणतात, उदार संध्याकाळ. कंजूष माणूस मात्र ‘स्कूपि’. ऊ दीर्घ झाला, म्हणून शेवटचा इ ऱ्हस्व. नेर्वोझ्नि आणि मूद्रि यांचंही तेच. मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ लिहायची सवय असल्यामुळे हात आपोआप ‘स्कूपी’ लिहितो. डोळ्यात खुपलं तरी ते ऱ्हस्वच ठेवा.